पेडल दाबायला दुसरं माणूस

१९ नोव्हेंबर, बुधवार. ब्रेकच्या सगळ्या पाइपा बदलणे. हवा काढणे. दाब देऊन गळती बघणे. गाडी उद्या सकाळी सातला निघणार.

डायरीच्या त्या पानावर माझ्या अक्षरात एवढंच आहे. डायरी माझ्या ठिबकच्या दुकानातली. एरवी तिच्यात कोणाच्या शेतात किती नळ्या टाकायच्या आणि कोणाची मोटर कधी उतरवायची, हेच असतं. पाइप, सांधे आणि गळती हा माझा रोजचा धंदा आहे, म्हणून ब्रेकचं काम अंगावर घेताना मला फार अवघड वाटलं नव्हतं.

गाडी नवऱ्याची. दोन सीटची, कापडी छपराची, इतकी बुटकी की आत बसलं की शेजारच्या ट्रॅक्टरचं चाक डोक्यावर जातं. केळीला चांगला भाव होता त्या वर्षी त्याने ती सुरतेच्या एका माणसाकडून जुनीच आणली. आमच्या प्रकाशा गावात स्पोर्ट्स कारचा उपयोग काय, हे मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. दर रविवारी तो ती तापीच्या पुलापर्यंत न्यायचा, परत आणायचा आणि पुसून ठेवायचा. देवदर्शनाला आलेली माणसं तिच्याजवळ उभी राहून फोटो काढायची. हाच तिचा उपयोग. तो जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून ती गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली उभी होती आणि मी तिच्या बॉनेटवर नळ्यांची वेटोळी ठेवत होते.

दिवाळीत पुतण्याने सुरतेहून फोन केला. "काकी, गाडी तिथं सडून जाईल. मी वापरतो." मी म्हटलं, ने. पण न्यायला तो येणार नव्हता, त्याला रजा नव्हती. गाडी जेठ घेऊन जाणार होते, आणि जेठ परत येणार नव्हते. शेत वाट्याने दिलं होतं, म्हशी विकल्या होत्या, दोन बॅगा भरून ओसरीत ठेवल्या होत्या. मुलाकडे, म्हणजे याच पुतण्याकडे, कायमचं राहायला ते त्याच गाडीने निघणार होते.

जेठ म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. आमच्या तापीकाठच्या घरांत जेठापुढे लाज धरतात. ते समोर आले की पदर पुढे ओढायचा आणि त्यांच्याशी बोलायचं नाही. कमी बोलायचं असं नव्हे, बोलायचंच नाही. हल्लीच्या सुनांनी हे केव्हाच सोडलं. मी सोडलं नाही, त्यात कसला मोठा विचार नव्हता. लग्न होऊन आले तेव्हा घरात अकरा माणसं होती. निरोप द्यायला कोणीतरी नेहमीच असायचं, त्यामुळे सोडायची वेळच आली नाही. मग एकेक माणूस कमी झालं. सासरे, सासू, जेठाणी, मग नवरा. पुतणी बारडोलीला दिली, पुतण्या सुरतेला गेला. आम्हाला मूल नाही. शेवटी घरात दोघंच उरलो, आणि उरलो ते नेमके एकमेकांशी न बोलणारे.

तरी काम अडत नव्हतं. जेवण झालं की मी ताट ओसरीच्या कडेला ठेवून पेला वाजवायची. ते यायचे. बाकीचे निरोप सुरतेमार्गे जायचे. जेठ अंगणातून मुलाला फोन करायचे, मुलगा मला करायचा.

"काकी, बाबा म्हनी ऱ्हायनात, भाजीमा मीठ जास्त शे."

"त्यांना सांग, वांगी बदलली, मीठ तेवढंच आहे."

मग अंगणात जेठांचा फोन वाजायचा. मला इथून ऐकू यायचं, "वांगी? बरं." दहा पावलांवरचं बोलणं असं गुजरातेत जाऊन परत यायचं. पुतण्या म्हणायचा, मी ऑफिसात दोन नोकऱ्या करतो, एक माझी आणि एक तुमची.

तर, ब्रेक. गाडी खालून बघितली तेव्हा लोखंडी पाइपा गंजलेल्या होत्या. एका ठिकाणी बोटाने गंज खरवडला तर पाइप ओली लागली. मागच्या एका चाकाचा ब्रेक तर लागतच नव्हता. नोव्हेंबरात कारखान्याचा हंगाम असतो, रस्त्यावर उसाच्या जोड-ट्रॉल्या असतात, पहाटे धुकं, ट्रॉल्यांना मागे दिवे नाहीत. अशा रस्त्याने जेठ नवापूर ओलांडून सुरतेपर्यंत जाणार होते. त्यांचं वय सहासष्ट. आयुष्यभर ट्रॅक्टर चालवलेला. या गाडीचा ब्रेक ऐन वेळी गेला तर पुढे काय, ते सांगायला मेकॅनिक लागत नाही. म्हणून पाइपा सगळ्या बदलायच्या असं ठरवलं.

जुन्या पाइपा काढून शहाद्याला नेल्या. तिथे ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक पाइपा बनवणारा एक कारागीर आहे, दुकानाच्या कामामुळे ओळखीचा. त्याने त्या वाकड्यातिकड्या पाइपा हातात धरून बघितल्या.

"ताई, हाई गाडी शे का खेळनं?"

"खेळणंच आहे. पण ब्रेक खरे पाहिजेत."

"कोन चालावनार शे?"

"जेठ."

"मंग तोंड दुहेरीच करी देस. नहीतं तुम्ही मुद्दाम कच्ची पाइप लाई, आसं लोक म्हनतीन."

दुकानातली चार माणसं हसली. मीही हसले. पाइपचं तोंड फुलवून आत दुमडतात, मग ते सांध्यात घट्ट बसतं. एकेरी दुमडलेलं दाबाने चिरतं, दुहेरी टिकतं. त्याने प्रत्येक तोंड मला भिंग लावून दाखवलं. चेष्टा करणारा माणूस काम मात्र मन लावून करतो.

बुधवारी सकाळी दुकान बंद ठेवलं. साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट चढवला, गाडी जॅकने उचलून चार लोखंडी तिवयांवर ठेवली आणि खाली शिरले. नवी पाइप बसवणं हे पाना फिरवण्याचं कमी आणि वाकवण्याचं जास्त काम असतं. घाईने वाकवली की पाइप चेपते. मी जुनी पाइप शेजारी ठेवून अंगठ्याने थोडी थोडी वाकवत होते. दुपारी दीडपर्यंत सगळ्या पाइपा बसल्या. जेठ तोवर ओसरीवर बसून बघत होते. मी गाडीखालून त्यांची पावलं बघत होते. ती तीनदा गाडीपर्यंत आली आणि तीनदा परत गेली.

नंतर हवा काढायची होती. नव्या पाइपांत हवा असते आणि हवा राहिली की पेडल गादीवर पाय ठेवल्यासारखं खाली जातं. हे दोन माणसांचं काम आहे. एकाने आत बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकाजवळचं हवा सोडायचं निपल उघडायचं, हवा आणि तेल बाहेर आलं की बंद करायचं, मग पहिल्याने पेडल सोडायचं. बंद करायच्या आधी सोडलं की हवा परत आत. म्हणजे दोघांनी सतत एकमेकांना सांगत राहायचं.

मी सुरतेला फोन केला.

"बाबांना सांग, गाडीत बसायचं. मी पान्याने चाकावर एक ठोका मारला की पेडल दाबून धरायचं. दोन ठोके मारले की सोडायचं. मध्ये सोडायचं नाही."

पुतण्या हसायला लागला. "काकी, ते तुमच्यापासून किती लांब आहेत?"

"दहा फूट. फोन कर."

ओसरीवर फोन वाजला. "हां... एक ठोका... दोन ठोका... मध्ये सोडानं नही... बरं, बरं, माले समजस." मग ते आले, चप्पल बाहेर काढून ठेवली, देवळात शिरतात तशी, आणि त्या बुटक्या सीटवर कसेबसे बसले. त्यांना माझे फक्त पाय दिसत असणार. मला त्यांचं तेही दिसत नव्हतं. इतकी शिस्तीची लाज मी आयुष्यात कधी पाळली नव्हती.

मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात केली, ते सगळ्यांत लांबचं. एक ठोका. पेडल दाबल्याचा आवाज. निपल उघडलं, फसफसून बुडबुडे आले, बंद केलं. दोन ठोके. सुटल्याचा आवाज. जेठ एकदाही चुकले नाहीत. ठोका पडायच्या आत दाबलं नाही, पडल्यावर वेळ लावला नाही. नवऱ्यासोबत हेच काम एकदा केलं होतं तेव्हा निम्मा वेळ भांडण्यात गेला होता. इथे दोन तास पान्याच्या ठोक्यांशिवाय आवाज नव्हता. चौथ्या चाकाला तेल स्वच्छ आलं. पेडल कडक झालं. ते उतरले, चप्पल घातली आणि ओसरीवर गेले. जाताना खुंट्याकडे बघून म्हणाले, "झकास." खुंटा रिकामा होता, म्हशी विकून महिना झाला होता. तरी ते त्याच्याशीच बोलायचे.

राहिली गळतीची परीक्षा. ठिबकच्या नळ्यांची गळती आम्ही पायाने बघतो. पाणी सोडायचं आणि ओळीतून अनवाणी चालायचं, जिथे चिखल लागेल तिथे गळती. इथे तसं नाही, थेंबभर गेलं तरी ब्रेक गेला. मी प्रत्येक सांधा कोरडा पुसला आणि त्याला वर्तमानपत्राची पट्टी गुंडाळून दोरा बांधला. ब्रेकचं तेल कागदावर लगेच डाग पाडतं. मग दुकानातल्या पाइपचा एक तुकडा मापाने कापून पेडल आणि सीट यांच्यामध्ये ताणून बसवला, म्हणजे सकाळपर्यंत पेडल दाबलेलं राहील. गळती असेल तर तुकडा ढिला पडेल. शेवटी ब्रेकच्या तेलाच्या डबीवर, तेल होतं त्या उंचीला, पेनने रेघ मारली. डबी दोन बोटं रिकामी ठेवली होती, ती तशीच ठेवायची असते. पाच वाजले होते. दुकानात दोन माणसं नळ्यांसाठी येणार होती, म्हणून हात धुऊन दुकानात गेले. आठला आले, भाकरी केल्या, पेला वाजवला. जेठ जेवले. त्यांचं या घरातलं शेवटचं रात्रीचं जेवण होतं. मी वांग्याचं भरीत केलं होतं. निरोप आला नाही, म्हणजे मीठ बरोबर होतं.

सकाळी सहाला मी कालचाच शर्ट चढवून, बॅटरी घेऊन गाडीखाली गेले. पट्ट्या एकेक सोडवल्या. पहिली कोरडी, दुसरी कोरडी. सगळ्या कोरड्या. माझ्या एकाही सांध्यातून थेंब गेला नव्हता. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. मग बॉनेट उघडून डबी बघितली.

तेल रेघेच्या वर होतं. चांगलं दोन बोटं वर, अगदी झाकणापर्यंत.

तेल कमी झालं असतं तर गळती. तेवढंच राहिलं असतं तर सगळं ठीक. वाढायला ते काही दूध नव्हे. मी बॅटरी डबीच्या मागे धरली. आत दोन थर दिसले. खाली माझं फिकट पिवळं तेल, वर तांबूस, दाट दुसरं. झाकण उघडून वास घेतला. ट्रॅक्टरच्या तेलाचा.

क्षणात कळलं. ट्रॅक्टरच्या पोटातलं एकच तेल ब्रेकलाही चालतं आणि हायड्रॉलिकलाही. कमी दिसलं की कॅन ओतायचा, हे जेठ चाळीस वर्षं करत आले. पण या गाडीच्या ब्रेकमध्ये ते तेल गेलं की आतली रबरं फुगतात. आज पेडल कडक लागतं, रस्त्यात कुठेतरी ब्रेक धरून बसतो किंवा लागतच नाही. मी पेडलजवळ वाकून बघितलं. पाइपचा तुकडा जागेवर होता, पण उलटा. छापील अक्षरं मी सीटकडे ठेवली होती, ती पेडलकडे होती. म्हणजे तुकडा काढून परत बसवला होता. तेल नुसतं डबीत वर तरंगत असेल तर डबी धुऊन काम भागण्याची आशा होती. पेडल बरेच वेळा दाबलं असेल तर ते आत गेलं. ते एकाच माणसाला माहीत होतं.

तो माणूस आंघोळ करून, पांढरे कपडे घालून, दोन्ही बॅगा गाडीकडे घेऊन येत होता.

मी सुरतेला फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. सव्वासहा वाजले होते, पुतण्या झोपलेला. जेठांनी एक बॅग सीटवर ठेवली आणि किल्लीसाठी हात खिशात घातला.

हाक काय मारायची तेही मला माहीत नव्हतं. अठ्ठावीस वर्षांत हाक लागलीच नव्हती. मग हाकेशिवायच बोलले.

"डबीमा कोनतं तेल टाकं?"

त्यांनी आधी मागे बघितलं, मी दुसऱ्या कोणाशी बोलते आहे असं वाटून. मागे कोणी नव्हतं. मग खुंट्याकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"ट्रॅक्टरनं," ते म्हणाले. "सांजले. डबी भरेल नव्हती, म्हनीसन भरी दिधी."

"पेडल दाबं का?"

"दाबं."

"कितला दाव?"

त्यांना खोटं बोलता आलं असतं. एकदाच, म्हणाले असते तर मी कदाचित डबी धुऊन त्यांना जाऊ दिलं असतं.

"धा-बारा दाव. तेल आत जावाले पाहिजे ना."

"आज गाडी जावाव नही."

"मंग काढी टाक ना ते तेल."

"आतली रबरं खराब व्हई गयी. ती सगळी बदलनी पडतीन. या गाडीमा तुम्ही बसानं नही."

आवाज माझा दुकानातला होता, गिऱ्हाइकाला चुकीची नळी नेऊ देत नाही तेव्हाचा. दुसरा आवाज मला आणता आला नाही. त्यांनी बॅग सीटवरून उचलून खाली ठेवली.

"माले वाटनं, तुले मदत व्हई."

"माहीत शे."

"आते पेडल कोन दाबी?"

"एकलीले बी जमस. नळी बाटलीमा सोडी दिधी का हवा परत जात नही."

त्यांनी मान वर केली. "मंग काल माले कसाले बसाडं?"

"काल तुम्ही व्हतात ना."

एवढ्या वर्षांनी बोलायला लागलं म्हणून माणसं भडाभडा बोलतात असं नसतं. मी चहा केला. पेला वाजवला नाही, हातात नेऊन दिला. तेव्हा लक्षात आलं की माझ्या अंगावर शर्ट आहे आणि पदर त्याच्या आत खोचलेला आहे, सकाळपासून. त्यांनीही ते बघितलं असणार. चहा पिऊन झाल्यावर त्यांनी सुरतेच्या बसची वेळ विचारली. मला विचारली. पावणेनऊ, मी म्हटलं. राहा म्हणावं असं एकदा तोंडात आलं होतं. रबरं यायला आठ दिवस लागले असते, आठ दिवस राहिले असते तर नवव्या दिवशी गेलेच असते. मी म्हटलं नाही.

साडेआठला ते निघाले. एक बॅग त्यांनी घेतली, एक मी फाटकापर्यंत नेली. तिथून रिक्षा मिळाली. रिक्षात बसून म्हणाले, "दार लाई ले."

मी फाटक लावलं आणि गाडीकडे आले. डबी सोडवून रिकामी केली. चारही निपलं उघडून सगळं तेल डब्यात काढलं, त्यात तांबूस वळ्या दिसत होत्या, म्हणजे तेल खरंच आत गेलं होतं. चाकांतली रबरं काढली. दोन आताच बोटाला मऊ लागत होती. कागदावर यादी केली, कुठलं रबर, किती, काय मापाचं, आणि सुरतेच्या सुट्या भागांच्या दुकानाला फोन करून ती वाचून दाखवली. शर्ट काढून भिजत टाकला. दुकान त्या दिवशी दहाऐवजी अकराला उघडलं.